दर्भाचा कावळा

प्राग शहर मी आवडीने निवडलेलं नाही. सूड म्हणून निवडलं आहे.

बाबा इंजिनिअर झाले तेव्हा जुन्या दगडी पुलांचं काम शिकायला त्यांना इथली शिष्यवृत्ती मिळाली होती. निघायच्या आधी आजोबा गेले. दहाव्याला खारुन नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, सगळ्यांसमोर म्हणाले, याच्या जाण्यातच बापाचा जीव अडकला आहे. बाबांनी हात जोडून सांगितलं, जात नाही. कावळा आला. पुढच्याच वर्षी मोठेबाबा आजीला आमच्याकडे ठेवून वेगळे झाले. बाबा सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात लागले आणि संध्याकाळी कॉलरवर काजळी घेऊन घरी येत राहिले. त्यांच्या कपाटात प्रागचा एक नकाशा होता. घड्यांवर फाटलेला.

मला इथल्या ग्रंथालयात नोकरी मिळाली हे कळलं तेव्हा त्यांनी तो नकाशा काढून उलगडला. मग म्हणाले, "मोठ्या पुलावर पहाटे जात जा. दिवसा गर्दी असते." जणू कालच जाऊन आले होते. माझा व्हिसा यायच्या आत ते गेले.

पुन्हा तोच घाट. मी एकटीच मुलगी, म्हणून विधीला मोठेबाबांचा मुलगा बसला होता. कावळे पिंपळावर बसून होते, उतरत नव्हते. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोलून टाका."

मी मोठेबाबांकडे पाहिलंच नाही. ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

"पोट्टे, तुह्या बापाचा जीव तुह्यात अडकून राहिला. म्हण, जात नाही म्हणून. आईले कोण पाहीन?"

"आई माझ्याबरोबर येणार आहे."

"मग आमच्याकडे कोण पाहीन? काहून हट्ट करून राहिली?"

चुलतभावाने घाम पुसला. "बोल दो ना दीदी, बोलने में क्या जाता है. धूप हो गई."

काय जातं ते मी कपाटात पाहिलं होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "दर्भाचा कावळा करा."

कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून लावतात, यात नवीन काही नव्हतं. पण तो शेवटचा उपाय, आणि तो मुलीने मागावा हे कुणाला पटलं नाही. मोठेबाबांचा आवाज चढला. "बापाले उपाशी ठेवून जाशीन?"

"मागच्या वेळी कावळा जेवला, मोठेबाबा. बाबा उपाशी राहिले."

गुरुजींनी दर्भ वळला, पिंडाला लावला. आम्ही मागे सरून चपला घालायला लागलो, तेव्हा पिंपळावरचे कावळे उतरले आणि भात खाऊ लागले. ते माणसांना भीत होते, एवढंच. आजोबांच्या वेळीही वचन दिल्यावर सगळे डोळे पुसत मागे सरले असतील. मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते कावळ्यांकडे पाहत होते. त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्याने माझं भागलं नाही.

आई इथे आहे. थंडीला शिव्या देते आणि बाजारातून बरोबर कोथिंबीर शोधून आणते. मी दर रविवारी मोठेबाबांना व्हिडिओ कॉल लावते. मोठेबाबा राहतात त्या चौबे कॉलोनीत माझं कौतुक होतं, इतक्या लांबून पोरगी म्हाताऱ्याची आठवण ठेवते. त्यामुळे त्यांना फोन उचलावाच लागतो. मी तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते, मग कॅमेरा फिरवते. नकाशावर बाबांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्या क्रमाने दाखवते. एका रविवारी एकच जागा. पूल तीन रविवार पुरला.

गेल्या खेपेला पाऊस होता, तरी मी बाहेर पडले. नदीकाठच्या एका कमानीखाली उभी राहून सावकाश फोन फिरवत होते. मोठेबाबा म्हणाले, "बेटा, आता पाहवत नाही. किती राहिलं अजून?"

त्यांचा आवाज थकलेला होता. मी तो नीट ऐकून घेतला.

"गाव मोठं आहे, मोठेबाबा," मी म्हटलं, आणि पुढची गल्ली दाखवायला वळले.