थ्रॉटलमधला गुलाल

थंडी अशी कडाक्याची होती, की हौदात हात घातला तर बोटं आपली वाटेनात. कांद्याच्या पातीवर दव साचलं होतं. मनकर्णानं दोन्ही गायींच्या धारा काढल्या, दूध डेअरीत पोचतं केलं, अंगणात सडा टाकला आणि मग गाडीचं बॉनेट उघडलं. आज कंपनीला सुट्टी होती.

ही गाडी तिनं सुप्याच्या कंपनीतल्या पगारावर घेतली होती. जुनीच, पण तिची स्वतःची. गावातल्या आणखी चार बायांना मागं-पुढं बसवून ती रोज कामाला न्यायची. आधी पारावरची माणसं हसायची, "आला गं बया मनकर्णाचा टेम्पो!" पुढं त्याच चार बायांनी तिला ग्रामपंचायतीला उभी केली आणि ती थोडक्यात पडली. निवडून आली राजेश्वरी. म्हणजे मनकर्णाच्याच सासूच्या सख्ख्या भावाची, श्रीमंतमामांची सून.

पडल्याचं तिनं गिळलं होतं. पण त्यानंतर गाडीनं छळ मांडला. उभी केली की धापा टाकायची, ब्रेक मारला की बंद पडायची. काल तर पुणे रोडला वळताना मधोमध मेली. मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच आला. बाया किंचाळल्या. कंपनीतला मेकॅनिक म्हणाला, "ताई, थ्रॉटल घाण झालं असंल. इंजिनाचं नाकच हाय ते. घरी बी साफ हुतं." त्यानं फवाऱ्याचा डबा दिला आणि कसं करायचं ते सांगितलं.

तिनं बॅटरीची तार सोडवली. एअर फिल्टरचा डबा उघडला आणि बघतच राहिली. दिवाळीत नवाकोरा घातलेला कागदाचा फिल्टर भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा चुरगळला होता. एका बाजूनं टराटरा फाटलेला. घड्यांमध्ये गुलाबी गाळ.

"आता हे काय?"

तिनं रबरी नळीची क्लिप ढिली केली, नळी ओढून काढली. आत थ्रॉटलचं तोंड आणि त्यात ती पितळी रंगाची गोल चकती. फडक्यावर फवारा मारून तिनं चकती पुसली. काळी काजळी येणार म्हणून मेकॅनिकनं सांगितलं होतं. काळी आलीच, पण तिच्यासंगं गुलाबी चिकटाही आला. तिनं फडकं नाकाशी नेलं.

गुलाल.

तिच्या दारात गुलाल आलाच कुठं होता? त्या दिवशी गावात एकाच घराचा गुलाल उधळला होता. निकाल लागला तेव्हा ती डोकं बांधून भिंतीकडं तोंड करून पडली होती. संध्याकाळी उठली तर नवऱ्यानं, पुंजारामनं, गाडी आतून-बाहेरून लख्ख धुतलेली. माणूस बोलत नाही पण जीव लावतो, असं वाटून तिचे डोळे भरले होते.

पुंजाराम गोठ्यापाशी कडब्याची कुट्टी करत होता. सासू ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मनकर्णा फडकं घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"अवो, हे काय हाय?"

त्यानं फडक्याकडं बघितलं. विळा हातातच राहिला.

"राजेश्वरीच्या मिरवणुकीला माझी गाडी नेल्ती?"

"मामांची गाडी ऐनवेळी बंद पडली... म्हणले, पुंजा, आन."

"आन् फिल्टर?"

"त्यात बी गुलाल गेल्ता. नळाखाली धरून धुतला. तारंवर वाळत घातला."

"कागद हाय त्यो! धोतर हाय का, पिळून वाळत घालायला? त्याच फाटक्यातनं सगळा गुलाल आत गेला. काल ट्रकाखाली गेलो असतो पाची जणी!"

मनकर्णाच्या मनात एक शंका उभी राहिली. ती ओठावर आणायचीही तिला भीती वाटली. पण आणली.

"मत कुणाला दिलं तुमी?"

त्यानं विळा खाली ठेवला.

"अवो, मी इचारते."

"बेलभंडारा उचलून मताची शपथ घेतली हुती मी," तो कसाबसा म्हणाला. "मामांच्या घरी. तवा तुझं नाव बी नव्हतं निघालं. तू मागनं उभी राहिलीस. देवाला खोटा कसा पडू?"

प्रचाराला मनकर्णा दारोदार हिंडत होती, तेव्हा हा मागं पत्रकं धरून चालत होता. तिच्या नावाच्या घोषणा देत होता. तिला वाटलं, आपण एवढी वर्षं कुणाच्या पानात भाकरी वाढतोय तेच आपल्याला ठाऊक नाही.

"आन् लगीन लावताना काय उचललं हुतं? तिथं देव नव्हता?"

तेवढ्यात ओट्यावरून सासू म्हणाली, "मी दिलं तुला मत."

दोघंही वळले. "आई, तू?" पुंजाराम म्हणाला. "मामाला सोडून?"

"व्हय, मी. बेलभंडारा म्या बी उचलला हुता. भाऊ वरसातनं एकदा लुगडं घेऊन येतो, सून रोज पाटी उचलती. देवाला काय कळत न्हाई व्हय? माझं मी बघून घेईन त्याच्याकडं." तिनं भाजीतली एक काडी उडवून लावली. "तू आपलं फिल्टरचं बघ, मुडद्या."

मनकर्णा हसलीही नाही, रडलीही नाही. गाडीकडं गेली आणि बॉनेटात वाकली. चकती चकचकीत होईस्तोवर पुसली, नळी बसवली, क्लिप आवळली, तार जोडली. चावी फिरवल्यावर इंजिन आधी एकदम गरजलं, मग हळूहळू खाली येऊन एका लयीत लागलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि बंद केलं.

"एसटीनं सुप्याला जा. नवा फिल्टर आना. त्याशिवाय ही गाडी दाराबाहेर जानार न्हाई."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "आन् तू... बोलशील ना माझ्यासंगं?"

"ते अजून ठरलं न्हाई."

तो चप्पल शोधू लागला. गोठ्यात वासरू हंबरत होतं. मनकर्णानं राख लावून हात चोळले, अर्धवट राहिलेली कुट्टी पाटीत भरली आणि गव्हाणीकडं निघाली.