पाहुणी आली, कपडे काढा

डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." आमच्याकडे याचा अर्थ निघाला की माणूस उचलून दुसऱ्या हवेत ठेवायचा, आणि ते काम माझ्यावर आलं. नव्वदच्या आसपासचा मे महिना. माझी थोरली बहीण अक्का जळगावच्या पुढे एका गावात नांदत होती. गावाच्या उशालाच कोळशावर वीज करणारा कारखाना. गावाचं नाव लिहीत नाही. दाजींची पेन्शन तिथूनच येते. अक्काला दोन वर्षं खोकला होता. ती घर सोडून निघेल, असं कोणालाच वाटत नव्हतं.

शिरपूरहून सकाळची चोपडा एसटी धरावी. डाव्या खिडकीशी बसू नये, ऊन लागतं. चोपड्याला स्टँडवर गरम भजी मिळतात. मिरची मागावी लागते. पुढे केळीच्या बागा लागतात. पानं आधी हिरवी असतात, मग करडी. करडी झाली की पिशवी हातात घ्यावी, गाव आलं.

अक्काने खाट झटकली, मग मला बसवलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला. मी तोंड धूत होतो, तेवढ्यात शेजारीण ओरडली, "पाव्हणी आली!" मी शर्ट चढवला, भांग पाडला आणि दारात हात जोडून उभा राहिलो. कोणीच आलं नाही. गल्लीतल्या बायका मात्र धाब्यावर, घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, धावत होत्या. लुगडी, चादरी, वाळत घातलेले ज्वारीचे पापडासारखे बिबडे, सगळं गोळा करत होत्या. मग वरून बारीक राख उतरली, माझ्या जोडलेल्या हातांवरसुद्धा.

"हीच पाहुणी," दाजी म्हणाले. "आणि राख नाही ती, धूळ आहे. धूळ सगळीकडेच असते." एवढं बोलेपर्यंत त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

अक्काही धावली होती. ती तिसऱ्या पायरीवर बसली ती बसलीच. खोकला थांबेना. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. वर बिबड्यांची एक चादर राहिली होती, ती दाजींनी आणली. बिबड्यांत काळे तीळ होते. आमच्याकडे पांढरे घालतात. "काळामा दिसत नही," अक्का म्हणाली.

"चल शिरपूरले," मी म्हणालो.

"मी उनू ते बिबडा कोन उचली?"

"मी उचलीन," दाजी म्हणाले. "जा तू." चादर अजून त्यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो. भजी अक्कानेही खाल्ली. दुपारी शिरपूरला आमच्या दारात पोचलो, तर शेजारच्या जिजींनी आनंदाने हाळी दिली, "पाव्हणी उनी वं!"

अक्काने पिशवी टाकली आणि अंगणातल्या दोरीकडे धावली. आमचे कपडे काढले, जिजींच्या घरचं ओलं धोतर काढलं, सगळं छातीशी धरून ओसरीत शिरली. आम्ही खूप हसलो. मग तिने एकेका कपड्यावरून बोट फिरवून पाहिलं, आणि आमचं हसणं थांबलं.

"बठ्ठा कपडा धवळाच शेतस रे भाऊ," ती म्हणाली. सगळे कपडे पांढरेच होते.

महिनाभर राहिली. खोकला कमी झाला. मग दाजींसाठी परत गेली. कोणी सहलीला निघणार असेल तर चोपड्याची भजी चुकवू नका. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून कोणीही आलं तरी पाहुणी आली असं म्हणत नाहीत. नाव घेतात.