गवतातली अक्का

आम्ही ज्यांना गवत सर म्हणायचो, ते गायरानात शिरण्याआधी चपला काढून ठेवत. कुसळं टोचत, गोखरू रुतत, विंचवाचं भय तर असेच. तरी ते अनवाणी पुढे जात आणि लेकीच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तसं दोन्ही हातांनी गवत बाजूला करून पाहत. आम्हा विद्यार्थ्यांना वाटे, सर रोपं शोधताहेत. ते खालची जमीन बघत होते, हे मला फार उशिरा कळलं.

नांदेडच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पण जीव सगळा मारवेल या एका गवतात, आणि मारवेल बघायचं तेही फक्त जळकोट तालुक्यातलं. "सर, किनवटला एवढं जंगल पडलंय, तिकडं जा की," असं कुणी म्हटलं की म्हणत, "जंगलात माणूस हरवला तर नवल न्हाई. कमरेएवढ्या गवतात हरवतो, तिथं बघाया पायजे."

त्यांची थोरली बहीण त्याच तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या गायरानावर गवत कापायला गेली होती, ती परत आलीच नाही. विळा सापडला. अर्धवट बांधलेली पेंढी सापडली. अक्का सापडली नाही. सर तेव्हा शाळेत शिकत होते. जळकोटला जाताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत त्यांनी मला हे सांगितलं आणि त्याच सुरात पुढे विचारलं, "मारवेलच्या पेरावर काय असतं?"

"पांढऱ्या केसांचं कडं," मी म्हणाले.

त्या गायरानाच्या मधोमध एक जागा होती. माणूस बसावं एवढंच गवत तिथं दबलेलं असे. पावसाळा सरून गवत छातीला लागलं तरी तेवढा खळगा तसाच. गुरं तिथं तोंड घालत नसत. गुराखी लांबून वळसा घालत. ससा बसत असेल, रानडुक्कर लोळत असेल, असं मी म्हणून पाहिलं.

"मीबी आधी तेच म्हणलो," सर म्हणाले. "पण केस न्हाई, लेंडी न्हाई, खूर न्हाई."

"म्हणजे तुम्ही भूत मानता, सर?"

"आमचं घर बौद्धांचं, पोरी. भूतखेत आमच्या आईनं कधी मानू दिलं न्हाई. मी फकस्त बघतो."

त्या दिवशी भर दुपारी आम्ही तिथं पोचलो, तेव्हा खळगा नव्हता. गवत सरळ उभं होतं. वारा पडलेला, एक पातं हलत नव्हतं. सर थबकले. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते गवत हळूहळू खाली गेलं, दमलेलं माणूस गुडघ्यावर हात टेकून बसतं तसं. आधी मधलं, मग कडेचं.

सरांनी छत्री उघडली आणि त्या खळग्यावर धरली. "बस, अक्का," ते म्हणाले. "ऊन लई हाय." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "डबा काढ. इथंच जेवू." मी भाकरी हातातच धरून बसले. सरांनी मात्र भाकरीचा चतकोर खळग्याच्या कडेला ठेवला आणि आईच्या आजारपणाचं, धाकट्या भावाच्या लग्नाचं, घरचं सगळं सांगत बसले. ऐकणारं कुणीतरी होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. मधेच गवत जरा सरकायचं, मांडी बदलावी तसं.

पुढे मी लातूरला नोकरीला लागले. सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले. गायरान सौर प्रकल्पाला गेलं, आणि खांबांसाठी खड्डे घेताना बरोबर त्या जागी हाडं लागली. सरांचा फोन आला, "अक्का सापडली. तू ये."

मी गेले. सर खड्ड्याच्या काठावर बसले होते, मांडीवर कोरं हिरवं लुगडं. पोलिसांनी हाडं तपासायला नेली. दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी सरांना समोर बसवून सांगितलं, "सर, ही बाईमाणसाची नाहीत. म्हाताऱ्या पुरुषाची आहेत." पंचक्रोशीत विचारून झालं. असा कुणी हरवल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मला वाटलं, सर आता कोसळणार. पण हाडं त्यांनीच मागून घेतली, लुगड्यात गुंडाळली, भंतेजींना बोलावलं आणि रक्ताच्या माणसासारखा सगळा विधी केला. त्रिशरण म्हणताना त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही.

जळकोटच्या स्टँडवर ते मला सोडायला आले. ती आमची शेवटची भेट. त्या हिवाळ्यात सर गेले. गाडी लागली, तेव्हा मला राहवेना. "सर, मग इतकी वर्षं आपल्याजवळ कोण बसत होतं?"

सरांनी माझी पिशवी वर दिली.

"ठाऊक न्हाई, पोरी. मी त्याला अक्का म्हणत आलो," ते म्हणाले. "त्यानं एकदाबी न्हाई म्हटलं न्हाई."