केरूनानांनी बसवलेली फळी

केरूनाना कुणाला "बरं हाय का?" असं कधी विचारत नसत. माणूस होडीतून उतरला की त्यांचा पहिला प्रश्न, "दुखतंय कुठं?" खांदे म्हटलं की वल्हं तपासायचे, कंबर म्हटलं की बसायची फळी. वैद्य नव्हते हो, बैलगाड्या करणारे सुतार. मुळा नदीवर धरण झालं, गाडीवाट पाण्याखाली गेली, आणि नाना गाड्या सोडून होड्या करायला लागले. कुणी शिकवलं नाही. शिकवणार कोण? आमच्या गावानं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलंच नव्हतं!

बाहत्तरचा दुष्काळ अजून यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. पलीकडच्या वस्तीत मला बालवाडीची बाई म्हणून घेतलं होतं. मोठी नाव दुपारी जायची, म्हणून नानांनी मला एकटीपुरती अरुंद होडी करून दिली. पण पहिल्याच आठवड्यात दहाची घंटा दोनदा चुकली. ग्रामसेविकाबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा चुकली तर दुसरी बाई बघते." घरी मामंजी तर माझी नोकरी सुटायची वाटच बघत होते. "सूनबाई, होडी हाकायची का चूल पेटवायची, एक काय ते ठरवा."

चूक माझीच. चूक कसली, साऱ्या गावाची खोड! गाडीच्या धुरेवर बसावं तशी मी होडीच्या पार पुढच्या टोकाला बसायची. आणि वल्हं हट्टानं फावड्यासारखं रुंद मागून घेतलेलं. जास्त पाणी लोटलं की होडी जास्त पळेल, हे माझं शहाणपण. नाना काठावरून बघत होते, हसले.

"अगं, गाडी जुपलीस व्हय? हितं म्होरं बैल न्हाईत. तूच बैल!"

"थट्टा नका करू नाना. नोकरी जाईल माझी."

"मंग सांग, दुखतंय कुठं?"

"खांदे. नुसते भरून आलेत."

"म्हंजी होडी हातानं वढतीस. होडी पायानं चालती, पोरी."

पायानं? मला काही उमजेना. त्यांनी फळी उखडून होडीच्या मधोमध बसवली, आणि गुडघे जरासे वाकतील एवढ्या अंतरावर पाय रोवायला आडवी पट्टी ठोकली. मग मला हात वर करायला लावून त्या मापाचं नवं वल्हं केलं. कावडीसारखं, दोन्ही टोकांना पातं, तेही वीतभरच रुंद. मी नाक मुरडलं.

"रुंद पातं पैलवानाला. तुला बारकं, पन भराभरा. पाय रेट, कंबर फिरव, हात आपसूक येतील."

सोमवारी नेमका वारा सुटला. मामंजी काठावर येऊन उभे. मी निघाले. अर्ध्या पाण्यात लाटा आडव्या आल्या, तशी घाबरून पुन्हा हातांनीच ओढायला लागले. मग पट्टी आठवली. पाय रेटला, कंबर फिरवली, आणि होडीनं नाक उचललं की हो! पलीकडे पोचले तर दहा वाजायचे होते, शाळेत चिटपाखरू नाही. घंटा मीच वाजवली. अशी वाजवली, अशी वाजवली, की ऐलतीरापर्यंत जावी.

दुपारी परतले तेव्हा मामंजींनीच होडी काठावर ओढून घेतली. नानांनी विचारलं, "दुखतंय कुठं?"

"मांड्या."

"मंग जमलं."

पुढं तीस वर्षं मी पोरं शिकवली. नाना शेवटी लेकीकडं केडगावला होते, अंथरुणाला खिळलेले. मी भेटायला गेले. त्यांनी विचारायच्या आत मीच विचारलं, "नाना, दुखतंय कुठं?"

ते हळूच हसले. लेकीनं पाठीमागं लावलेली उशी चाचपली, आणि म्हणाले, "कुठंच न्हाई बघ. फळी बराबर बसलीया."