दहा मण्यांनंतरचा मोठा मणी

ओहायोतल्या त्या विद्यापीठात मला नोकरी लागली ती माझं अक्षर चांगलं म्हणून. कला-इतिहास विभागाच्या तळघरात स्लाइड लायब्ररी होती, खिडकी नसलेली. प्राध्यापकांनी काढून आणलेल्या स्लाइड्स काचेत बसवायच्या, कडेला बारीक अक्षरात गाव, इमारत आणि शतक लिहायचं, ड्रॉवरमध्ये लावून ठेवायच्या. मुंबईत मी पाच वर्षं चित्रकला शिकले होते. अर्जात ते लिहिलं होतं, पण कुणी वाचलं नसावं. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. नवरा ओहायोतल्याच डब्लिन गावात इंजिनियर होता आणि मी बसने कोलंबसला जायचे.

विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चवर पुस्तक लिहीत होते. दर उन्हाळ्यात जायचे आणि शेकडो स्लाइड्स आणायचे. त्यांचा अभ्यास दगडाचा. कमान कोणत्या पिढीत बांधली, खांब कधी बदलले, छपराची लाकडं कुठून आली, हे ते तासभर सांगत आणि छान सांगत. चित्रांकडे मात्र त्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

चित्र होतं वेदीकडे जाणाऱ्या मोठ्या कमानीच्या वर, सबंध भिंतभर. शेवटच्या न्यायाचा दिवस. मधोमध येशू, एका बाजूला थडग्यांतून उठणारी उघडीवाघडी माणसं, दुसऱ्या बाजूला राक्षसाचा आ वासलेला जबडा आणि त्यात ढकलले जाणारे लोक. पुढे राजाच्या हुकमाने चर्चमधली चित्रं म्हणजे अंधश्रद्धा ठरली आणि त्या भिंतीवर चुना फासला गेला. तीनेकशे वर्षांनी कुणीतरी तो खरवडला, तेव्हा अर्धंमुर्धं चित्र बाहेर आलं. चित्र काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. गेरू, काजळी आणि चुना एवढ्या सामानावर त्याने स्वर्ग आणि नरक उभे केले होते. प्रकाशपेटीवर भिंग लावून मी ते तुकडे बघत बसायचे. जेवणाच्या सुट्टीतही.

एका कोपऱ्यात एक देवदूत तराजूत आत्मा तोलत होता. शेजारी एक पुसट आकृती, तोंड नाही, हात नाहीत. नुसती निळसर सावली. तिच्यापासून तराजूच्या दांडीपर्यंत लाल ठिपक्यांची ओळ होती. प्राध्यापकांच्या नोंदीत लिहिलेलं होतं : 'ओलीचे डाग.'

एका स्लाइडमध्ये भिंतीवर उजेड बाजूने पडला होता आणि ठिपके उठून दिसत होते. मी ठिपके मोजले. दहा बारीक, एक मोठा. पुन्हा दहा बारीक, एक मोठा.

मी वसईची. वडील तिथे शाळेत मास्तर होते. आमच्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती, आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या. रोज संध्याकाळी ओटीवर बसून, हातात माळ घेऊन त्या रोझरी म्हणत. दहा मणी झाले की मोठ्या मण्यावर त्यांचं बोट थांबायचं, आणि तेवढ्यात मला विचारून घ्यायच्या, "आई काय करते गं?" ओहायो नावाचं राज्य कागदावरही नव्हतं तेव्हापासून आमच्याकडे चर्चची घंटा वाजते आहे.

मी वर गेले. प्राध्यापकांना म्हटलं, "ही ओल नाही. ही जपमाळ आहे. आणि ती सावली म्हणजे मेरीमाता. तिने माळ तराजूवर टाकलीय, म्हणजे पारडं त्या आत्म्याच्या बाजूने झुकेल."

ते हसले. अगदी मायेने हसले, हे विशेष. "तुमच्या देशात माळा असतात, म्हणून तुम्हाला माळ दिसली. ही ख्रिस्ती कला आहे, थोडी वेगळी असते."

"ओल दहा मोजून थांबत नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. स्लाइड स्वतःकडे ठेवून घेतली.

वसंतात त्यांचं जाहीर व्याख्यान झालं. मीच स्लाइड्स लावून दिल्या होत्या आणि मागच्या रांगेत बसले होते. तो कोपरा पडद्यावर आला. मोठी छडी त्या ठिपक्यांवर टेकवून ते म्हणाले, "मी ही ओळ वर्षानुवर्षं पाहत होतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की ओल दहा मोजून थांबत नाही."

सभागृह हसलं आणि टाळ्या पडल्या. माझे कान तापले. माझं वाक्य, जसंच्या तसं!

प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले. "सर, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या ऑफिसमध्ये."

ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "अगदी बरोबर! आमच्या स्लाइड रूममधल्या बाईंची नजर फार तीक्ष्ण आहे." सगळे वळून माझ्याकडे बघून हसले. कुणीतरी टाळीही वाजवली, लहान मुलीने कविता म्हटल्यावर वाजवतात तशी. पुढचा प्रश्न छपराच्या लाकडांवर होता.

घरी नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना यार. त्यांनी सगळ्यांसमोर अप्रिशिएट केलं ना तुला?"

"तुझं डिझाइन कुणी स्वतःचं म्हणून दाखवलं असतं तर?"

"ते वेगळं. तो माझा जॉब आहे."

त्या वाक्यासाठी मी त्याला अजून पुरती माफी दिलेली नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे.

विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, बोलता बोलता कल्पना इकडच्या तिकडे होतात, कुणाची कुठली हे कसं सांगणार? मग मी त्या खेड्यातल्या पाद्रीबुवांनाच पत्र लिहिलं. ठिपक्यांचं चित्र काढलं, मोजणी लिहिली आणि विचारलं, भिंतीवर अजून एखादा मोठा मणी दिसतो का?

महिन्याभराने हाताने लिहिलेलं उत्तर आलं. शिडी लावून त्यांनी स्वतः पाहिलं होतं, तिसरा मोठा मणीही होता. पुढे लिहिलं होतं : 'पण आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बायका त्या कोपऱ्याला पहिल्यापासून "आईचे मणी" म्हणतात. त्यांच्या आयाही म्हणायच्या. प्राध्यापक येतात तेव्हा त्यांना चहाही याच करून देतात. मला वाटायचं, उगाच म्हणतात. त्यांना विचारायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.'

पत्र हातात घेऊन मी तळघरात किती वेळ बसले कोण जाणे. इतके दिवस माझं चोरलं म्हणून मी जळत होते. आणि तिकडे हातात केरसुणी घेतलेल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या सगळं माहीत होतं. प्राध्यापक दर उन्हाळ्यात त्यांच्याच हातचा चहा पीत होते, आणि 'बाई, हे काय आहे?' एवढं विचारलं नव्हतं. माझा राग उतरायचा सोडून दुप्पट झाला.

मी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "गोड आहे," ते म्हणाले. "पण गावगप्पांना पुरावा म्हणत नाहीत."

"त्या बायकांचं निदान तळटिपेत तरी लिहा. माझं नको."

"पुस्तक छापायला गेलंय. आता काही हलवता येणार नाही."

"चुना फासणाऱ्यांनी निदान स्वतःला चित्रप्रेमी म्हणवून घेतलं नव्हतं," मी म्हणाले. इंग्रजीत ते इतकं नीट जमलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. "तुम्ही थकलेल्या दिसता," ते म्हणाले, "दोन दिवस सुट्टी घ्या."

मी घेतली, ती कायमची. पुढे पुस्तक आलं, जाड आणि गुळगुळीत कागदाचं. आभाराच्या पानावर 'स्लाइड विभागातील कर्मचारी' होते. बायका नव्हत्याच.

पाद्रीबुवांशी पत्रव्यवहार मात्र चालू राहिला. त्यांनी झाडलोट करणाऱ्या चौघींना बसवून, चर्चमधल्या प्रत्येक चित्राला, कोरीव बाकाला, पाण्याच्या दगडी कुंडाला त्या काय म्हणतात हे लिहून घ्यायला सुरुवात केली. टाइप केलेली पानं मला यायची, वर चौघींच्या सह्या असायच्या. तिसऱ्या पाकिटात सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी स्वतः खाली दोन ओळी खरडल्या होत्या : पाद्रीबुवा ऐकतात बरं, पण आम्ही सांगतो त्याचं अर्धंच लिहितात, उरलेलं मी तुला सांगते.