चिमाजींच्या तोंडची वाफ

मार्च निम्मा सरला होता. अंबडच्या कारखान्यातल्या शेडचा पत्रा सकाळी नऊलाच तडतडायला लागला होता आणि हवा इतकी कोरडी, की चिमाजींचे ओठ फुटले होते. पावसाळ्यात सगळा दोष दमट हवेवर ढकलता आला. आता कुणावर ढकलायचा?

चिमाजी खालकर मूळचे सायखेड्याचे. देवळाली कॅम्पात दुर्बिणींची भिंगं घासण्यात तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर या छोट्या कंपनीत स्फटिक घासायला आले. नखाएवढा काळा स्फटिक. त्यावर गॅमा किरण पडला की विजेचा बारीक ठोका उमटतो, तो यंत्र मोजतं. पण स्फटिकाच्या अंगावरून फुकटची वीज झिरपायला लागली, की त्या गलक्यात खरा ठोका हरवतो. अकरा स्फटिक असेच बाद झाले होते. बारावाही झिरपला, तर घासायचं काम बाहेर देईन, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

"काका, आजचा तरी नीट येऊ दे हो," तेजश्री म्हणाली. ती इथली इंजिनियर. "ॲसिडात धुतलाय. शेवटचं बघून घ्या आणि डबीत ठेवा."

"माझ्या हातात खोट नाय, ताई. तुमच्या मशिनीलाच धाड भरलीय."

"तीनदा तपासलंय मी ते! घरी आई म्हणते, लग्नाचं बघ. मी म्हणते, आधी हा झिरपता करंट खाली येऊ दे."

चिमाजी हसले नाहीत. चिमट्यातला स्फटिक त्यांनी तोंडाजवळ नेला आणि 'हाऽ' केलं. वाफ धरली की ओरखडा दिसतो. भिंगवाल्यांची रीतच ती.

तेजश्री थिजली. "हे काय केलंत?"

"काय केलं? बघितलं."

"दरवेळी असंच बघता?"

"मंग कसं बघायचं?"

"अहो, तोंडची ओल! धुतलेल्या अंगावर ओल बसली, की वीज तिच्यावरूनच पळणार ना! नऊ महिने मी हवेला शिव्या घालतेय!"

चिमाजींचं तोंड एवढंसं झालं.

स्फटिक पुन्हा धुतला. चिमाजींनी तोंडाला मास्क बांधला, स्फटिक दिव्याखाली शंभरदा फिरवला आणि "काय दिसत नाय," असं कुरकुरत डबीत ठेवला. दुपारी मोजणी झाली. झिरप पार खाली आली; पण कोपऱ्यात एक ओरखडा राहून गेला होता, तिथले ठोके अर्धेमुर्धेच येत होते.

"वाफेत दिसला असता तो," चिमाजी भडकले. "माझं डोळंच काढून घेतलं तुम्ही."

"कळतंय हो मला. मालकांकडून आणखी एक मागून घेतलाय. पण वाफ नाही."

"एकच?"

"एकच."

चिमाजींनी मास्क ओढून काढला. "मंग ओरखडा पडायलाच नको. फडक्यात कण नाय राहू द्यायचा," म्हणत घासायची फडकी बादलीत टाकली आणि ती धुवायला नळावर जाऊन बसले.