पेगच्या शेतातला चकवा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसणारा तो मीच. इंजिनिअर असल्याचा थोडा माजही होता म्हणा. पण २००९ च्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट मला अजून हसण्यावारी नेता येत नाही.

तेव्हा आम्ही कॅनडात, व्हिटबीपासून उत्तरेला वीस मिनिटांवर राहायचो. घरामागे शेजारीण पेगचं चार एकरांचं शेत... सपाट गवत, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, एकच फाटक. पेग सत्तरीची. तिचे पणजोबा आयर्लंडहून येताना पेटीत गावच्या मातीचं ढेकूळ घेऊन आले आणि ते याच शेतात पुरलं, असं ती सांगायची. शेताला नावही त्या गावाचंच.

बाबा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आले होते. पस्तीस वर्षं भूमापन खात्यात जमिनी मोजलेला माणूस! एका दुपारी त्या शेतात फिरायला गेले. तासाभराने किचनच्या खिडकीतून बघतो तर कुंपण धरून गोल गोल फिरतायत. मी जाऊन हाताला धरून आणलं.

"फाटकच सापडेना रे. चकवा लागला."

"बाबा, कॅनडात कुठला चकवा?" मी हसलो. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली. बाबांनी फिरायला जाणं बंद केलं आणि दिवसभर बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसायला लागले.

टेस्टच्या आदल्या दिवशी, शेतात पडलेली त्यांची माकडटोपी आणायला मी गेलो. दुपारचे तीन, लख्ख ऊन. टोपी उचलली, वळलो — फाटक नाही. समोर घर दिसतंय, डेकवर बाबा दिसतायत, मी सरळ चालतोय आणि दरवेळी कुंपणच आडवं येतंय. कुंपणाच्या कडेने पूर्ण चक्कर मारली. दोनदा. माझी चांगलीच तंतरली.

"जॅकेट काढ!" बाबा ओरडले. "उलटं करून घाल!"

वाद घालायचं त्राण नव्हतं. अस्तर बाहेर करून जॅकेट घातलं, मान वर केली... दहा पावलांवर फाटक.

"तुम्हाला कसं माहीत?" घरी येऊन विचारलं.

"मी अडकलो त्यानंतर पेगने सांगितलं. त्यांच्या आयर्लंडात चकव्यावर हाच उपाय. तिचा नवराही अडकला होता म्हणे."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू हसला असतास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करू?"

"नको. दोघांची घे."

टेस्टमध्ये बाबांचं सगळं बरोबर आलं. वर डॉक्टरला त्याच्या केबिनची लांबी-रुंदी नुसत्या नजरेने सांगून आले.

नंतर मी जीपीएस घेऊन त्या शेतात बऱ्याचदा गेलो. काही झालं नाही. त्या दुपारी काय झालं, ते आजही मला माहीत नाही.

बाबा परत जायला निघाले तेव्हा एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या दारातून मागे वळून ओरडले, "सापडलं रे फाटक!" मी पोट धरून हसलो. माफी मागायची तेव्हाही राहिली, आणि आता बाबा नाहीत.